माहजाँगला चौथी हवी आहे का? न्यू जर्सीत ग्रुप शोधण्याचे नऊ महिने

डॅलसला राहणाऱ्या मैत्रिणीचा गेल्या आठवड्यात फोन आला. "तुला खेळायला माणसं मिळाली कशी गं? मी वर्षभर नुसती कंप्युटरशी खेळतेय." तिला सांगायला बसले तर पाऊण तास गेला आणि निम्मं राहूनच गेलं. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते आहे, तारखा, खर्च आणि चुकांसकट. मी न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहते. तुमच्या गावच्या लायब्ररीचे नियम वेगळे असतील, फी कमीजास्त असेल, पण वाट साधारण हीच असावी.

सुरुवात २४ ऑगस्ट २०२४ पासून. त्या शनिवारी आम्ही लेकीला कॉलेजच्या डॉर्मवर सोडून आलो. जाताना गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, येताना मागची सीट रिकामी. पुढचे दोन आठवडे मी कपाटं आवरली. मग आवरायला कपाटंही उरली नाहीत. या गावात आम्हाला एकोणीस वर्षं झाली. मराठी मंडळाचा गणपती, दिवाळी, नाटकं यांमुळे माणसांची वाण नाही, पण ती माणसं तीस-चाळीस मैलांत विखुरलेली. भेटायचं तर महिनाभर आधी ठरवावं लागतं. गावातल्या ज्या ओळखी होत्या त्या लेकीच्या शाळेच्या, सॉकरच्या. ती गेली आणि त्या ओळखींचं निमित्तच गेलं. चालत जाता येईल अशा घरांतली एक तरी बाई मला नावाने ओळखते का, असा विचार एकदा मनात आला आणि त्याचं उत्तर फार लागलं.

आमच्या कोपऱ्यावरच्या घरातून दर मंगळवारी दुपारी एक आवाज यायचा. परातीत कवड्या ओतल्यासारखा. उन्हाळ्यात चार बायका मागच्या जाळीच्या पोर्चमध्ये बसून खेळायच्या. वर्षानुवर्षं तो आवाज ऐकत मी फिरायला जात होते. १० सप्टेंबरच्या मंगळवारी त्यांचा खेळ संपला, गाड्या निघाल्या आणि मी दार वाजवलं.

त्या बाई ८१ वर्षांच्या आहेत. इथल्या रिवाजाप्रमाणे मला नावानेच हाक मार म्हणतात, पण माझी जीभ उचलत नाही. इथे मी त्यांना मावशी म्हणणार आहे. (बाकी कुणाचंही नाव लिहीत नाही, कारण कुणाला विचारलेलं नाही.) मावशींनी आत बोलावलं, गार चहा दिला आणि स्वच्छ सांगितलं, "आमचा ग्रुप भरलेला आहे. एकतीस वर्षं आम्ही याच चौघी." मी हो हो म्हणत उठले. निघताना त्यांनी ड्रॉवरमधून आदल्या वर्षीचं एक घडीचं कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं. "आधी हे वाचायला शीक," म्हणाल्या.

आता हा खेळ काय आहे ते थोडक्यात सांगते. कंप्युटरवर एकसारखी चित्रं जुळवून टाइल्स (चित्रांचे छोटे ठोकळे) काढायच्या असतात, तो हा नव्हे. माहजाँग मूळचा चिनी, चार जणांचा. स्टँडर्ड ऑइलच्या नोकरीत चीनमध्ये राहिलेल्या जोसेफ बॅबकॉक यांनी १९२० साली अमेरिकनांसाठी त्याचे सोपे नियम छापले आणि त्या दशकात इथे या खेळाची लाटच आली. मग घराघरांत वेगळे नियम झाले, वाद व्हायला लागले. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये काही बायकांनी, बहुतेक ज्यू घरांतल्या, नॅशनल माहजाँग लीग काढली आणि सगळ्यांसाठी एकच नियम ठरवले. तेव्हापासून लीग दरवर्षी नवं कार्ड काढते. त्या वर्षी कुठल्या रचना जिंकतात ते त्या कार्डावर छापलेलं असतं. त्यातलीच एक हुबेहूब जमवायची, स्वतःची कुठलीही चालत नाही.

आमच्याकडे ठाण्याला दर शनिवारी आत्याच्या घरी रमी असायची, त्यामुळे मला हा खेळ परका वाटला नाही. हातात तेराच टाइल्स. जोकर आहेत, एकूण आठ. एक उचलायची, एक टाकायची. पण रमीवाल्यांना एक सांगते: सिक्वेन्स डोक्यातून काढून टाका. दोन-तीन-चार लागले म्हणून हात आपोआप खुश होतो, इथे त्याचा स्वतंत्र उपयोग काही नाही. इथे तिय्या, चौकडी, जोडी यांचं राज्य आहे. आणि डाव सुरू होण्याआधी चार्ल्स्टन असतो. नकोशा तीन टाइल्स उजवीकडे द्यायच्या, मग तीन समोर, मग तीन डावीकडे. चौघींची पसंती असेल तर हेच पुन्हा उलट क्रमाने. जोकर मात्र द्यायचा नाही. रमीत हे नाही, आणि मला सगळ्यात आवडतं तेच. डाव मांडायच्या आधीच समोरची बाई काय टाकून देते आहे ते कळायला लागतं.

सप्टेंबर माझा चुकीच्या दारांवर गेला. लायब्ररीच्या कॅलेंडरवर "माहजाँग क्लब, शनिवार दुपारी दोन" असं दिसलं. २१ तारखेला गेले. विशी-पंचविशीतली मुलं-मुली जपानी पद्धतीचा माहजाँग खेळत होती. त्यात जोकर नाहीत, कार्ड नाही, चार्ल्स्टन नाही. फार गोड पोरं, त्यांनी मला तासभर बसवून सगळं समजावलं, पण मावशींच्या पोर्चचा आणि या मुलांच्या टेबलाचा काही संबंध नव्हता. तेव्हा फोन करताना पहिला प्रश्न हा विचारा: लीगचं कार्ड वापरता का? हो म्हणाले तरच पुढचं बोला.

२४ सप्टेंबरला सीनियर सेंटरला गेले. तिथे आठवड्यातून दोनदा टेबलं लागतात हे गावाच्या पत्रकात वाचलं होतं. ड्रायव्हिंग लायसन्स आणि विजेचं बिल, म्हणजे राहण्याचा पुरावा, दोन्ही नेलं. काउंटरवरच्या बाईंनी लायसन्सवरची जन्मतारीख पाहिली आणि परत दिलं. वयाची अट साठ, मी बावन्न. पण त्यांनीच सांगितलं की शाळा सुटल्यावर हायस्कूलच्या इमारतीत प्रौढांचे वर्ग भरतात, तिथे माहजाँगचा वर्ग ऑक्टोबरात आहे. त्या एका वाक्यासाठी ती फेरी वाया गेली नाही.

वर्गाची फी ९६ डॉलर, नोंदणीचे ५ वेगळे. चार मंगळवार, संध्याकाळी सात ते नऊ. कार्ड ज्याचं त्याने आणायचं. लीगच्या वेबसाइटवरून मागवलं, साधं कार्ड तेव्हा १४ डॉलर, मोठ्या अक्षरांचं १५. पन्नाशी जवळ आली असेल तर तो एक डॉलर जरूर खर्च करा. पोस्टाने यायला नऊ दिवस लागले, म्हणून वर्गाच्या दोन आठवडे आधी मागवा.

८ ऑक्टोबरला पहिला वर्ग. आम्ही अकरा जणी होतो. शिकवणाऱ्या बाई निवृत्त गणित शिक्षिका, आवाज चढवणं माहीतच नाही. १५२ टाइल्स. बॅम म्हणजे बांबू, क्रॅक म्हणजे चिनी अक्षराच्या, डॉट म्हणजे ठिपक्यांच्या. एक नंबरच्या बॅमवर बांबू नसतो, पक्षी असतो, त्यामुळे अर्ध्या वर्गाने त्याला फुलाची टाइल समजून बाजूला ठेवला. पांढरा ड्रॅगन ही एक टाइल, त्याला सगळे सोप म्हणतात, साबणाच्या वडीसारखा दिसतो म्हणून, आणि कार्डावरच्या २०२४ सारख्या वर्षाच्या आकड्यातलं शून्य तोच होतो. चार भिंती रचायच्या, एकेक भिंत एकोणीस टाइल्स लांब आणि दोन उंच.

कार्ड वाचताना माझी मोठी चूक झाली ती रंगांची. कार्डावर रचना निळ्या, लाल, हिरव्या रंगांत छापलेल्या असतात. हिरवं म्हणजे बॅम, लाल म्हणजे क्रॅक असं मी धरून चालले होते आणि दोन आठवडे चुकीचे हात जमवत बसले. रंग फक्त एवढंच सांगतात की किती वेगवेगळे प्रकार हवेत. दोन रंग दिसले तर कुठलेही दोन. हे मला कुणी पहिल्या दिवशी ठासून सांगायला हवं होतं, म्हणून मी तुम्हाला सांगते आहे.

शेवटचा वर्ग २९ ऑक्टोबरला आला, नेमका धनत्रयोदशीच्या दिवशी. संध्याकाळी दिवा लावून, चिवड्याचा डबा घेऊन गेले. बाईंनी डबा प्रेमाने घेतला आणि दूरच्या टेबलावर ठेवला. "खेळ संपल्यावर. तेलकट बोटं टाइल्सना लागली की डाग जात नाहीत." इतकं साधं, पण माझ्या लक्षात आलं नव्हतं. वर्ग संपल्यावर डबा रिकामा झाला आणि तिघींनी रेसिपी लिहून घेतली.

वर्गातल्या अकरा जणी मिळून ग्रुप करू असं ठरलं, व्हॉट्सॲपवर गटही झाला. महिन्याभरात कुणाची नातवंडं, कुणाची शिफ्ट, कुणाचा पाय मुरगळला. एकदाही चौघी एका दिवशी जमलो नाही. वर्ग संपायच्या आत, समोरासमोर असतानाच, पुढचा वार आणि घर ठरवून घ्या. नंतर फोनवर ते होत नाही.

मधल्या काळात मी जवळच्या ज्यू कम्युनिटी सेंटरला फोन केला होता. ३ ऑक्टोबरला केला तर रेकॉर्ड केलेला निरोप, सेंटर बंद. तो रोश हशाना, म्हणजे त्यांचं नवं वर्ष. त्यानंतर योम किप्पुर, मग सुकोत. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचे सण लागोपाठ येतात, आपल्या गणपती ते दिवाळीसारखेच. तेव्हा फोन करण्याआधी त्यांचं कॅलेंडर बघून घ्या. सणांनंतर पुन्हा फोन लावला. मी ज्यू नाही, सभासदही नाही, आले तर चालेल का, हे विचारताना मला अवघडल्यासारखं झालं. पलीकडून उत्तर आलं, "कार्ड आहे ना तुमच्याकडे? मग या." पाहुण्यांना दर खेपेला १० डॉलर. आधी ऑनलाइन एक जबाबदारीचा फॉर्म भरायचा, दारात फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायचं, पर्स उघडून दाखवायची. पंधरा मिनिटं आधी पोचा, हे सगळं त्यात जातं.

१३ नोव्हेंबर, बुधवार. पार्किंगमध्ये गाडीत दहा मिनिटं बसून राहिले. मुलाखतीला जाताना पोटात होतं तसं होत होतं. आत सहा टेबलं लागलेली, कमालीचा वेग. वर्गात आम्ही एक टाइल टाकायला मिनिट घ्यायचो, इथे "थ्री बॅम", "सोप", "फ्लॉवर" अशा हाका पाठोपाठ येत होत्या. तिसऱ्या डावात माझा हात लागला. "माहजाँग!" म्हणून टाइल्स मांडल्या. उजवीकडच्या बाईंनी कार्ड पाहिलं, माझ्या टाइल्स पाहिल्या आणि एका जोकरवर हलकेच बोट ठेवलं. मी तो जोडीत लावला होता. जोकर तीन किंवा जास्त सारख्या टाइल्सच्या संचातच चालतो, जोडीत नाही. माझा हात बाद. बाकीच्या तिघींचे हात अजून झाकलेले होते, त्यामुळे डाव पुढे चालू राहिला आणि मी उघड्या टाइल्स समोर घेऊन बसून राहिले. कान तापले होते.

डाव संपल्यावर त्याच बाईंनी आपला रॅक, म्हणजे टाइल्स मांडायची पट्टी, माझ्याकडे वळवला आणि कुठल्या टाइलपाशी त्यांनी एक रचना सोडून दुसरी धरली ते दाखवलं. दोन मिनिटं लागली असतील. पुढच्या बुधवारी मी परत गेले ते त्या दोन मिनिटांमुळे. नोव्हेंबर-डिसेंबरात मिळून पाच वेळा गेले, म्हणजे ५० डॉलर झाले. वेग वाढवायला रात्री जेवणं झाल्यावर ऑनलाइन खेळायचे. रिअल माहजाँग आणि आय लव्ह माहज अशा दोन साइट्स आहेत, दोन्हींवर रोबोंबरोबर खेळता येतं. पैसे पडतात, पण पहिल्या दोन महिन्यांपुरतं घेण्यासारखं आहे.

सेंटरसारख्या खुल्या खेळात एक उणीव मात्र राहते. दर वेळी नव्या तिघी. पाच बुधवारांत मी पंधरा-सोळा बायकांबरोबर खेळले आणि एकीचाही फोन नंबर माझ्याकडे नव्हता. मला खेळ हवा होता, पण त्याहून जास्त मंगळवार हवा होता. तो ठरलेला वार, तीच माणसं.

म्हणून गावाच्या फेसबुक ग्रुपवर लिहिलं: माहजाँगचा ग्रुप शोधते आहे. अकरा उत्तरं आली, त्यातली नऊ "मलाही हवाय!" आणि मग शांतता. आठवड्याने पुन्हा लिहिलं, या वेळी नीट विचार करून: मी शिकाऊ आहे, तीन महिने झाले. लीगचं २०२४ चं कार्ड. मंगळवार, बुधवार दुपारी मोकळी. दहा मैलांपर्यंत येईन. तुमच्यातली कुणी आजारी पडली, गावाला गेली तर ऐनवेळी बोलावलंत तरी येईन. या वेळी चारच उत्तरं आली, पण चारही कामाची. तिघींनी फोन नंबर घेतला. शेवटचं वाक्य महत्त्वाचं ठरलं, हे मला नंतर कळलं.

डिसेंबरात काहीच हललं नाही. त्या वर्षी ज्यूंचा हनुका आणि नाताळ एकाच दिवशी सुरू झाले, सगळी घरं पाहुण्यांनी भरलेली. मला वाटलं, संपलं हे.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार, सकाळी नऊ चाळीसला फोन वाजला. मावशी. "एकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. चौथी हवी आहे. साडेबाराला येशील?" संक्रांतीचा दिवस, तिळाचे लाडू आदल्या रात्रीच वळले होते. मावशींनी क्वार्टर आणायला सांगितलं होतं, म्हणून बँकेत जाऊन चाळीस नाण्यांचा दहा डॉलरचा रोल घेतला. साडेबाराला पाच कमी असताना त्यांच्या दारात उभी.

मावशींच्या आईचा संच. १९४० च्या दशकात ब्रॉंक्समध्ये घेतलेला, बेकेलाइट या जुन्या कडक प्लास्टिकचा, टाइल्सचा रंग जुन्या साजूक तुपासारखा. हातात घेतल्यावर त्या आजच्या प्लास्टिकच्या टाइल्सपेक्षा जड लागतात आणि थोड्या वेळाने कोमट होतात. त्या संचाच्या काळात आठ जोकर नव्हते, म्हणून जादा फुलांवर जोकरचे स्टिकर चिकटवलेले आहेत. एकाचा स्टिकर कधीतरी निघाला, तर तिथे मावशींच्या आईने लाल नेलपॉलिशने ठिपका दिला होता. तो ठिपका अजून आहे, कडेला थोडा उडालेला. तो जोकर माझ्याकडे आला की मी उगाच जरा जास्त वेळ हातात धरते.

लाडू बाजूच्या टेबलावर ठेवले. धनत्रयोदशीला शिकलेलं विसरले नव्हते. खेळ संपल्यावर तिळगूळ दिला, त्याबरोबर गोड बोलण्याचं जे म्हणतात ते सांगितलं. मावशींनी मग त्यांच्या लहानपणीचे उन्हाळे सांगितले. कॅट्सकिल डोंगरातल्या बंगल्यांच्या वसाहती, वडील आठवडाभर शहरात कामाला, शुक्रवारी यायचे, आणि आया दिवसभर झाडाखाली टेबलं मांडून खेळायच्या. मुलांनी जेवायला मागितलं तर म्हणायच्या, हा डाव संपू दे.

पैशाचं सांगते, कारण सगळ्या जणी हे विचारतात. प्रत्येक रचनेची किंमत कार्डावर सेंटमध्ये छापलेली असते. जिची टाइल घेऊन माहजाँग झाला ती दुप्पट देते, बाकीच्या एकपट. मावशींच्या टेबलावर पाच डॉलरची हद्द आहे, तिला इंग्रजीत पाय (pie) म्हणतात. पाच डॉलर गेले की पुढे देणं नाही, खेळत मात्र राहायचं. मी त्या दिवशी पावणेतीन डॉलर हरले.

निघताना स्वयंपाकघरात पाण्याचा ग्लास ठेवायला गेले तर फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद होता. चार नावं, पुढे फोन नंबर. पहिली दोन खोडलेली. तिसऱ्या नावापुढे "फ्लोरिडा, एप्रिलपर्यंत". चौथं माझं. सप्टेंबरातच लिहून ठेवलेलं. आमचा ग्रुप भरलेला आहे हे ऐकून मी चार महिने ते दार बंद समजत होते. टेबलाला चारच कडा असतात, त्यामुळे प्रत्येक टेबल भरलेलंच असतं, आणि भरलेल्या प्रत्येक टेबलाला अशा एका कागदाची गरज असते. दर आठवड्याला कुणाचे तरी गुडघे, कुणाची तरी नातवंडं, कुणाचं तरी विमान. ग्रुप शोधू नका. कागदावर नाव घालायला सांगा.

तिथून पुढे मी तेच केलं. फेसबुकवरच्या त्या तिघींना मेसेज केला, सेंटरमधल्या दोघींना नंबर दिला. मार्चअखेर चार टेबलांवर मिळून नऊ वेळा चौथी म्हणून बसले. बोलावणं आलं की दहा मिनिटांत हो किंवा नाही कळवायचं, त्यांना पुढच्या नावाला फोन करायचा असतो. वेळेआधी पोचायचं. घरचे नियम आधी विचारून घ्यायचे, कारण लीगचे नियम एक असले तरी प्रत्येक टेबलाच्या बारीक सवयी वेगळ्या असतात. आपलं कार्ड आणि सुटे पैसे आपले.

सगळीकडे असं स्वागत झालं नाही. फेब्रुवारीत एका घरी वीस मिनिटं गाडी चालवत गेले तर चौघी आधीच बसल्या होत्या. कुणीतरी दोघींना बोलावलं होतं. बस ना, बघ, म्हणाल्या. दोन तास बघत बसले. उठताना कुणी वर पाहिलं नाही आणि पुन्हा फोनही आला नाही. घरी येताना रडू आलं. बावन्नाव्या वर्षी शाळेतल्यासारखं कुणी खेळायला घेतलं नाही म्हणून रडू यावं, हे नवऱ्याला सांगायलाही मला दोन दिवस लागले. लिहिते आहे कारण असं होतं, आणि त्यानंतरच्या आठवड्यात तीन ठिकाणांहून बोलावणं आलं.

मार्चमध्ये लायब्ररीत खोली मागण्याचा विचार केला. वर्गातल्या त्या नऊ-दहा जणी अजून अधांतरीच होत्या. फॉर्म दोन पानी. अर्जदार गावचा रहिवासी आणि लायब्ररीचा कार्डधारक हवा, अर्ज तीस दिवस आधी हवा, एका वेळी तीन महिन्यांच्याच तारखा मिळतात. फी घ्यायची नाही, पैसे लावून खेळायचं नाही, झाकण असलेलं पाणी आणि कोरडा खाऊ एवढंच. आणि एक अट: कार्यक्रम सर्वांसाठी खुला असला पाहिजे, येणाऱ्याला नाही म्हणता येणार नाही. या शेवटच्या अटीवर मी थोडी अडखळले. मला माझ्या चौघी हव्या होत्या. मग फेब्रुवारीतले ते दोन तास आठवले आणि सही केली. ३ मार्चला अर्ज दिला, १५ ला मंजुरीची ईमेल आली. मिळाला तो वार मंगळवारच, सकाळी दहा ते बारा.

नवं कार्ड मार्चअखेर-एप्रिलच्या सुमारास येतं. या वेळी मी ते मावशींच्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, महिला मंडळातर्फे मागवलं. किंमत तीच, पण मंडळांमार्फत मागवलं की लीग त्यांना काही देणगी देते. ३ एप्रिलला पोस्टाच्या पेटीत २०२५ चं कार्ड पडलं. त्या संध्याकाळी मावशींचा फोन: "काही कळत नाहीये मला यातलं!" चाळीस-पन्नास वर्षं खेळणाऱ्या बायकांनाही एप्रिलमध्ये पुन्हा कार्डात डोकं घालून बसावं लागतं, वेग सगळ्यांचाच मंदावतो. नव्याने शिरायचं असेल तर एप्रिलसारखा महिना नाही. मी ऑक्टोबरात सुरुवात केली आणि जुन्या कार्डावर सरावलेल्या बायकांच्या मधोमध जाऊन पडले.

८ एप्रिलला लायब्ररीत सात जणी आल्या. सात म्हणजे चार आणि तीन. तिघींतही खेळता येतं, फक्त चार्ल्स्टन होत नाही. पाच झाल्या तर पाचवीने बाहेर थांबून सगळ्यांचे हात बघायचे आणि कोण जिंकेल यावर पैज लावायची, हे लीगच्या नियमांतच आहे. लायब्ररीत पैसे लावता येत नाहीत, म्हणून आम्ही नुसतं ते नाव चिठ्ठीवर लिहून उलटं ठेवतो. शिकायला ती जागा सगळ्यात चांगली, चारही रॅक दिसतात. आता २०२५ चा मे संपत आला, दर मंगळवारी आठ ते दहा जणी असतात. संच दोन: एक मी वापरलेला चाळीस डॉलरला घेतला, दुसरा गणिताच्या बाईंचा. होय, त्याही येतात. मावशी मंगळवारी सकाळी येत नाहीत, दुपारचा त्यांचा पोर्च असतो, आणि महिन्यातून एखाद्या मंगळवारी मी बाराला लायब्ररीतून निघून साडेबाराला तिथे चौथी असते.

१० जूनला प्रायमरी निवडणूक आहे आणि आमची खोली मतदान केंद्र होणार, असं लायब्ररीने कळवलंय. त्या दिवशी सगळ्या माझ्याकडे येणार आहेत. एकोणीस वर्षांत यातली एकही बाई आमच्या घरात आलेली नाही. जेवणाचं टेबल फार लांब आहे, समोरच्या टाइल्सच्या भिंतीपर्यंत हात पोचत नाही, म्हणून मावशींनी त्यांचं घडीचं पत्त्यांचं टेबल देऊ केलंय, दुसरं एकजण आणते आहे. टेबल डिक्कीत आडवं बसत नाही, मागची सीट पाडावी लागते. खायला काय, हा प्रश्न लेकीने सोडवला. ती सुट्टीला घरी आली आहे. म्हणाली, "पोहे कर ना आई, चमच्याने खातात." पोहे करणार आहे.